जिनमधल्या मुलांची खोली

नोकरीत तुम्ही नेमकं काय करत होता, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. शाळेत शिकवत होते म्हणावं, तर ती शाळा नव्हती. मुलं सांभाळत होते म्हणावं, तर ते काम सोनाआक्का माझ्यापेक्षा चांगलं करायची. खरं उत्तर असं की मुलं खेळत आणि मी बघत असे. हे सांगितलं की लोक हसतात. माझ्या धाकट्या भावानं तर एकदा पाहुण्यांसमोर म्हटलं होतं, "आमच्या ताईला बसून राहण्याचा पगार मिळतो."  पण तसं बसून राहायला शिकण्यात माझं अख्खं एक वर्ष गेलं आणि त्या वर्षात मी बऱ्याच चुका केल्या, हे त्याला कुठं ठाऊक होतं?

जळगावच्या एका जिनिंग कारखान्यातली ही गोष्ट. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तेव्हा गावाभोवती अशी जिनं बरीच होती. दिवाळी झाली की कपाशीच्या गाड्या फाटकाशी लागत, त्या चैत्रापर्यंत. कपाशी जिनात घालायची, रुई एकीकडे आणि सरकी एकीकडे पडते. ही कपाशी घालण्याचं काम बायकांचं. सकाळच्या भोंग्याला आत गेलेली बाई संध्याकाळच्या भोंग्याला बाहेर यायची, मध्ये भाकरीपुरती सुट्टी. तिच्याबरोबर तिची मुलंही आत जायची. तान्ही मुलं कपाशीच्या ढिगावर झोपवायची आणि ती झोपून राहावीत म्हणून अफूची बारीक गोळी द्यायची. चालती मुलं पट्ट्यांच्या आणि चाकांच्या मधून फिरायची. पुढं सरकारी साहेबांची तपासणी सुरू झाली, तेव्हा शेठनी फाटकाजवळची पोत्यांची खोली रिकामी केली, तिला चुना मारला आणि एक शिकलेली बाई ठेवायचं ठरवलं. ती बाई मी.

मी धुळ्याला ट्रेनिंग केलं होतं आणि यावलच्या मुलींच्या शाळेत काही वर्षं काढली होती. मला वाटलं, इथंही तेच करायचं. सहा वर्षांखालची वीस-पंचवीस मुलं मी रांगेत बसवली, मांडी घालून, हाताची घडी घालून. अक्षरं, पाढे, प्रार्थना. शेठाणीबाईंनी मुंबईहून खेळणी पाठवली होती: किल्लीची आगगाडी, डोळे मिटणारी बाहुली, रंगीत ठोकळे. ती मी काचेच्या कपाटात मांडून कुलूप लावलं. तपासणीच्या दिवशी कपाट उघडायचं, साहेब "छान" म्हणायचे, की पुन्हा कुलूप. मुलं काचेला नाक लावून उभी राहत आणि काचेवर त्यांच्या श्वासाचे डाग पडत. ते डाग मी स्वतः पुसत असे. आज आठवलं की मला माझीच लाज वाटते.

सोनाआक्का ही आमची आया. भडगावकडची. ती पूर्वी जिनावरच कामाला होती. उजव्या हाताची दोन बोटं तिथं गेली, तेव्हा तिला खोलीत आणून बसवलं. एक दिवस ती मला म्हणाली, "बाई, पोरं नही, पोती मांडेल शेतस तुम्ही."

मला राग आला. मी म्हटलं, "आक्का, शिस्त लागायला नको का?"

ती डाव्या हातानं सुपातली सरकी निवडत राहिली.

त्यानंतर मला हिवताप आला आणि मी तीन दिवस घरी पडून होते. चौथ्या दिवशी जरा लवकरच गेले, तर खोलीतून एवढा गलका येत होता की मी दाराबाहेरच थांबले. आत आक्कानं रिकामी पोती, फुटक्या टोपल्या, करवंट्या आणि सरकीचा ढीग मुलांपुढं टाकून दिला होता आणि स्वतः कोपऱ्यात वाती वळत बसली होती. मुलांनी अख्खं जिन उभं केलं होतं. एक मुलगा तोंडानं भोंगा वाजवत होता. पोरी ओळीनं बसून टोपलीतून सरकी घालत होत्या. भिका नावाचा पाच वर्षांचा मुलगा कमरेवर हात ठेवून मुकादम झाला होता आणि मुकादमाच्याच आवाजात ओरडत होता. जी मुलं माझ्यापुढं जांभया देत बसायची, ती घामानं निथळली होती. कुणी भांडत होतं, कुणी समजूत घालत होतं, आणि कुणालाही माझी गरज नव्हती.

दारात उभी राहून मी ते बराच वेळ पाहिलं. मग आत जाऊन कपाटाचं कुलूप काढलं. गंमत अशी की आगगाडी दोन दिवसांत मोडली, बाहुलीचा एक डोळा आत गेला, आणि मुलं पुन्हा करवंट्यांकडं वळली. करवंटी भांडं होते, टोपी होते, तराजू होते, कासव होते. आगगाडी फक्त आगगाडीच होते.

तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं. या कामात करायचं काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे, कारण त्यात न करण्याच्या गोष्टीच जास्त. मूल काही मांडत असलं की "हे काय केलंस?" असं विचारायचं नाही, विचारलं की ते मांडायचं थांबतं आणि आपल्याला आवडेल ते उत्तर शोधू लागतं. उभं राहून बघायचं नाही, त्यांच्या उंचीला बसायचं. खेळ अडला तर सल्ला द्यायचा नाही, एखादी वस्तू हळूच जवळ सरकवायची, एक दोरी, एक फळकूट, आणि तीही त्यांनी घेतली नाही तर वाईट वाटून घ्यायचं नाही. बोलावलं तर जायचं आणि ते देतील ते काम करायचं. मला बहुतेक वेळा आजारी म्हातारीचं काम मिळे. भांडण झालं तर डोळा आणि डोकं सांभाळायचं, बाकी त्यांचं त्यांना मिटवू द्यायचं. मध्ये पडावंसं वाटलं की मी मनात शंभर आकडे मोजत असे. साठ-सत्तरच्या सुमाराला बहुतेक भांडणं मिटलेली असत.

हे सगळं मला येतं असं वाटू लागलं होतं. तेवढ्यात दुसऱ्या हंगामात काशी आली.

काशी साडेचार वर्षांची. तिची आई भागी, भडगावच्या पुढच्या एका खेड्यातून हंगामापुरती आलेली. पहिल्याच दिवशी भागीनं मुलीला खोलीच्या दाराशी सोडलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, हाई बोलत नही. पाऊसपानीमा मना धाकला पोऱ्या तापनी गया. तवयपासून हिनी वाचाच गयी. बठ्ठा लोके सांगतस, हिले काहीतरी बाहेरनं लागेल शे."

धाकटा भाऊ, बापू, दीड वर्षाचा होता. श्रावणात गेला होता.

काशी आत आली आणि उंबऱ्याला टेकून बसली. बाहेर फाटकाकडं तोंड. दिवसभर. भाकरी दिली की खायची, पाणी दिलं की प्यायची, संध्याकाळी आई आली की उठायची. मी बाहुली दिली, तिनं मांडीवर तशीच ठेवली. गोष्ट सांगितली, ती फाटकाकडं बघत राहिली. दुसरी मुलं तिला ओढायला गेली की ती दगडासारखी जड व्हायची. मग मी सगळे प्रयत्न सोडले. एक सूप घेतलं, थोडी सरकी घेतली आणि तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसून नुसतीच निवडत राहिले. बोलायचं नाही, तिच्याकडं बघायचंही नाही. असे आठ-दहा दिवस गेले. एक दिवस सुपात माझ्या हाताशेजारी एक लहान हात आला आणि सरकी निवडू लागला.

मी श्वास रोखून धरला. पण निवडत राहिले.

खोलीमागं कडुनिंबाखाली आम्ही वाळूचा एक ढीग टाकून घेतला होता. आणखी काही दिवसांनी काशी स्वतःहून तिथं गेली. तिच्या हातात मक्याचं एक रिकामं कणीस होतं. तिनं ते चिंधीत गुंडाळलं, वाळूत खड्डा केला, कणीस आत ठेवलं आणि वरून वाळू लोटली. हातानं थापटली. थोडा वेळ बसली. मग उकरून कणीस बाहेर काढलं, झटकलं आणि पुन्हा पुरलं. दिवसभर तेच. दुसऱ्या दिवशीही तेच.

माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडं एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. पोरीनं ते कुठूनतरी पाहिलं होतं, हे उघड होतं. मध्ये पडावं का? शंभर आकडे मी कितीदा मोजले ते देवाला ठाऊक. आक्का म्हणाली, "करू द्या बाई. हात चालतस ना तिना? चालू द्या." मीही मन घट्ट केलं.

तिसऱ्या दिवशी बाकीची मुलं तिच्याभोवती जमली. मुलांना कुठलाही खेळ अर्धा आवडत नाही. भिकानं फळकूट आणलं, त्यावर कणीस ठेवून चौघांनी ते खांद्यावर घेतलं, दोन पोरी पदर नसताना पदरात तोंड लपवून रडू लागल्या. अंत्ययात्रा कडुनिंबाला वळसा घालून निघाली. काशी सगळ्यांच्या पुढं, हातात करवंटी घेऊन. नेमकी तेव्हाच भाकरीची सुट्टी झाली आणि बायका आपापली मुलं बघायला आल्या.

रखमा नावाची बाई सगळ्यांत पुढं होती. तिचं तान्हं बाळ खोलीतच झोळीत होतं आणि त्याला दोन दिवस ताप होता. ती अंत्ययात्रा बघताच ती किंचाळली, "अवं माय! पोरं मढं काढी राह्यनात! मना पोऱ्या तापमा पडेल शे आनि आठे हाई काय चालनं, बाई?"

एकच गोंधळ उडाला. कुणी आपल्या मुलाच्या पाठीत धपाटा घातला, कुणी मीठ-मोहरी आणायला धावलं. रखमानं बाळाला झोळीतून उचललं आणि निघाली. तिच्यामागून पाच-सहा बायका. भोंगा झाला तरी त्या जिनावर गेल्या नाहीत, फाटकाशी बसून राहिल्या. बाहेर कपाशीच्या गाड्यांची रांग तुंबली. दुपारी मॅनेजरसाहेबांचं बोलावणं आलं.

साहेब वयानं मोठे, स्वभावानं वाईट नव्हते. पण काम थांबलं की त्यांचा तोल जायचा. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला मुलं सांभाळायला ठेवलंय. प्रेतयात्रा काढायला नाही. उद्यापासून हे बंद. नाहीतर खोलीच बंद करतो. पूर्वी ढिगावर झोपत होती, तशी झोपतील."

 तरी मी म्हटलं, "साहेब, बंद करायचं तर करा. पण उद्या सकाळी अर्धा तास येऊन बसा. उभं राहून नाही, बसून बघा. मग सांगाल ते ऐकेन."

का कुणास ठाऊक, ते आले. टोपी सावरत एका पोत्यावर बसले. सकाळी मुलं जिनाचा खेळ खेळत होती. भिका मुकादमानं नवा माणूस बघितला आणि थेट त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला. "ए भाऊ! उशीर कसाले कया? ही टोपली धर. हात चालाव!"

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साहेबांनी टोपली धरलेली होती. त्यांनी सरकीची एक मूठ घातली. भिका ओरडला, "तोंड काय बघस? जनावर शे का तू?" हे शब्द रोज पलीकडच्या शेडमध्ये बायकांना ऐकावे लागत. साहेब त्या पोराकडं बघतच राहिले. मुकाट्यानं आणखी पाच-सहा मुठी त्यांनी घातल्या.

उठताना त्यांनी विचारलं, "कालच्या गोंधळातली ती मुलगी कुठं आहे?"

मी कडुनिंबाकडं बोट दाखवलं. काशी एकटी वाळूत बसली होती. काल सगळ्यांदेखत तिच्या आईनं तिला मारलं होतं. गालावर वळ होता. तरी ती पुरत होती आणि उकरत होती.

साहेब म्हणाले, "बाजाराच्या दिवसापर्यंत चालू द्या. त्यानंतर मी या बायकांना तोंड देऊ शकणार नाही. आणि ते झाड बायकांच्या वाटेवरून दिसायला नको."

आम्ही पोती बांधून आडोसा केला. मग मी ते केलं, जे खरं तर सगळ्यांत आधी करायला हवं होतं. भाकरीच्या सुट्टीत भागीकडं गेले.

ती मला बघताच म्हणाली, "बाई, मी तिले घर लई जास. लोके मना तोंडवर थुकतस."

मी विचारलं, "भागी, बापू कुठं गेला असं तिला सांगितलंय तू?"

ती खाली बघून म्हणाली, "मामाना गावले गया, असं सांगेल शे. एवढीशी पोर. तिले काय सांगू?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उंबरा. फाटक. ही मुलगी मामाच्या गावाहून येणाऱ्या भावाची वाट बघत होती. आणि त्याच डोळ्यांनी तिनं त्याला पुरलेलंही पाहिलं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, हे विचारायलासुद्धा तिच्याजवळ कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर. मारायचं नाही, बोलायचं नाही. फक्त तिच्याजवळ बस."

भागी आडोशाआड येऊन उभी राहिली. काशीनं नुकतंच कणीस पुरलं होतं. आईला बघून तिचा हात आपोआप गालावर गेला. भागी क्षणभर तशीच उभी होती, मग तिच्या शेजारी वाळूत बसली. मी मागं सरकले. आक्का तर केव्हाच झाडाच्या पलीकडं गेली होती.

 काशीनं वाळू थापटली. करवंटी उचलली, त्यात वाळू भरली आणि त्या उंचवट्यावर हळूहळू ओतली. आणि चार महिने बंद असलेल्या त्या गळ्यातून घोगरा, बारीक आवाज आला.

"आई, बापूले तठे दूध कोन देस?"

भागीच्या तोंडून हुंदका निघाला. मला वाटलं, आता ही उठून पळणार. पण ती उठली नाही. तिनं काशीच्या हातातली करवंटी घेतली, वाळूत खुपसून भरली आणि काशीनं जिथं ओतलं होतं तिथंच ओतली.

"मी दिन्हं त्याले, काशे. जाताना पोट भरी दिन्हं."

काशीनं विचार केला. "मंग तो मामाना गावले नही गया?"

"नही माय. तो मरी गया. आते तो येवाव नही."

काशी रडली नाही. तिनं मान हलवली, जणू हे तिला माहीत होतंच आणि कुणीतरी हो म्हणण्याचीच ती वाट बघत होती. मग ती आईच्या मांडीत शिरली आणि तिथं, भर दुपारी, झोपून गेली. पुढचा भोंगा झाला. भागी हलली नाही. मुकादम हाक मारायला आला, तर पाठोपाठ आलेल्या साहेबांनी त्याला खुणेनंच परत पाठवलं.

काशीनं कणीस आणखी दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी उकरून काढलं ते पुन्हा पुरलंच नाही. त्याला चिंधीची टोपी घातली आणि भिकाच्या जिनावर कामाला लावलं. बाजाराचा दिवस आला आणि गेला. साहेबांनी विषय काढला नाही. त्या हंगामात मुकादमाचा आवाजही थोडा खाली आला. तो कुणामुळं, हे मुकादमाला कधीच कळलं नाही.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. रखमानं बाळाला पुन्हा आमच्या खोलीत आणलं नाही. तिच्या बाळाचा ताप उतरला, एवढं आक्काकडून कळलं. पण तिनं त्याला पुन्हा कपाशीच्या ढिगावर झोपवायला सुरुवात केली, आणि पुढच्या हंगामात ती दुसऱ्या जिनावर गेली. तिचं बाळ पुढं कसं वाढलं, मला माहीत नाही. मुलांना काय वाटत असेल याचा मी इतका विचार करत होते की त्या दुपारी तापलेलं बाळ कडेवर घेतलेल्या आईला काय वाटलं असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तिची भीती खोटी नव्हती. तिच्या घरी जाऊन मी तिच्याही शेजारी बसायला हवं होतं, दहा दिवस लागले असते तरी. ते मी केलं नाही. नंतर मी नियमच केला: नवीन मूल आलं की पहिले काही दिवस मुलापेक्षा आईशीच जास्त बोलायचं, आणि तिची भाकरीची सुट्टी आमच्या खोलीत, मुलांच्या खेळात काढायला लावायची. बायका आधी लाजत. मग करवंटीतला खोटा चहा पिऊन खरोखरची तोंडं वाकडी करत.

चैत्रात हंगाम संपला. गावोगावच्या बायका बैलगाड्यांतून परतू लागल्या. भागीची गाडी फाटकाशी उभी होती, मागं तिघी-चौघी बायका, बोचकी, आणि मधोमध काशी. शेजारी कुणाचं तरी दोन वर्षांचं मूल बसलं होतं. काशीनं गाडीतल्या कडब्याची काडी घेतली होती आणि त्या मुलाला काहीतरी जोरजोरात समजावत होती. बोलणं थांबतच नव्हतं. मी निरोप घ्यायला गाडीजवळ गेले. 

भागी म्हणाली, "काशे, बाईले रामराम कर."

काशीनं वर बघितलंही नाही. "थांब ना," ती म्हणाली, "मी कामात शे."

मी थांबले. गाडीवानानं बैल हाकले, आणि गाडी भडगावच्या रस्त्याला लागेपर्यंत तिचं काम चालूच होतं.